चित्रकाराचं चित्र नको, चित्रकाराची अडचण द्या

प्रश्न असा आहे: अनुदानित शाळा, आठवीचा वर्ग, पंचावन्न मुलं, आठवड्याला चित्रकलेच्या दोन तासिका आणि बेताचं रंगसाहित्य. आधुनिक चित्रकारांची ओळख कृतींमधून करून द्यायची आहे. मुलांकडून गाजलेल्या चित्रांच्या प्रती काढून घ्याव्यात का? नाही तर काय घ्यावं?

आधी सरळ उत्तर देते. प्रतींवर वर्ष घालवू नका. प्रत काढताना मुलाचं सगळं लक्ष ‘जमलं का’ याकडे लागलेलं असतं. ज्याचा हात मुळातच चांगला आहे त्याचं जमतं, बाकीच्यांचा हिरमोड होतो. चित्रकाराने ते चित्र तसंच का काढलं, हा प्रश्न दोघांच्याही मनात येत नाही. कृती ठरवताना मी एकच गोष्ट बघते: या माणसासमोर काम करताना कोणती अडचण होती? तीच अडचण मुलांना पेलेल एवढी करून वर्गात ठेवायची. वाट मुलांनी आपापली काढायची. चित्रकाराने काय वाट काढली ते शेवटी दाखवायचं, आधी दाखवायचं नाही. आधी दाखवलं की वर्गातली निम्मी मुलं तेच काढतात.

सय्यद हैदर रझांचं उदाहरण घ्या. शाळांच्या भिंतींवर रझांचा बिंदू हमखास दिसतो. कंपासने काढलेली एकात एक वर्तुळं, आत काळा गोल, भोवती लाल-पिवळे-निळे पट्टे. दिसायला सुबक, पण मुलांच्या हाती लागतं ते वर्तुळ रंगवण्याचं कौशल्य. रझा बिंदूपाशी पोचले ते १९७०च्या दशकाच्या अखेरीस, पन्नाशी उलटल्यावर. त्याआधी मंडला जिल्ह्यातलं जंगलातलं बालपण, नागपूरचं आणि नंतर मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतलं शिक्षण, १९५०मध्ये फ्रान्सला जाणं, तिथल्या गावांची निसर्गचित्रं असा लांबचा पल्ला आहे. त्या निसर्गचित्रांतली घरं, झाडं, रस्ते हळूहळू विरघळत गेले आणि मागे रंग उरले. लहानपणी मन थाऱ्यावर राहावं म्हणून शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत बसायला लावलं होतं, ती आठवण रझा पुढे आयुष्यभर सांगत. इतकं सगळं मागे असलेला तो बिंदू आपण आठवीच्या मुलाच्या हाती कंपास देऊन एका तासिकेत काढून घेतो.

त्याऐवजी मी मुलांना आपल्या ओळखीची एक जागा तीनदा काढायला लावते. पहिल्यांदा आठवेल तेवढं सगळं. दुसऱ्यांदा फक्त पाच आकार, त्याहून जास्त नाहीत. तिसऱ्यांदा नुसते रंग, एकही ओळखू येणारी वस्तू नको, पण जागा तीच वाटली पाहिजे. एका मुलाने मामाच्या गावची विहीर घेतली होती. पहिल्या चित्रात रहाट, पायऱ्या, काठावरचं उंबराचं झाड, पोहणारी पोरं, सगळं. दुसऱ्यात कडं, पाणी, तीन पायऱ्या. तिसऱ्यात जवळजवळ काळा गोल आणि त्याला एका बाजूने चिकटलेला हिरवा. तो काळा करायला त्याने निळ्यात तपकिरी मिसळत बराच वेळ घालवला, कारण ‘नुसता काळा घेतला तर पाणी वाटत नाही’ असं त्याचं म्हणणं. मग रझांचं छापील चित्र फळ्यावर लावलं. पहिला प्रश्न त्याचाच आला: ‘यांची पण विहीर आहे का?’

याच कृतीला जोडून पिएत मोंद्रियानची झाडं दाखवता येतात. १९०८ ते १९१०च्या दरम्यानचं लाल झाड, १९११चं करडं झाड, १९१२चं फुललेलं सफरचंदाचं झाड, अशी तीन चित्रं ओळीने लावली की फांद्यांच्या नुसत्या वक्र रेषा कशा होत गेल्या ते सांगावं लागत नाही. मोंद्रियानच्या लाल-पिवळ्या-निळ्या चौकोनांची प्रत मात्र टाळा. पट्टी घेऊन ती कोणीही करतं आणि ‘एवढंच?’ म्हणतं.

आता मातिस. वर्षभरात एकच चित्रकार घेता येणार असेल तर मी आन्री मातिस घेईन. साहित्य जवळजवळ फुकट, हात कच्चा असला तरी अडत नाही, आणि अडचण मुलांना चटकन कळते. १९४१मध्ये मातिसची पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर बराच काळ अंथरुणात आणि चाकाच्या खुर्चीत गेला. कॅनव्हाससमोर तासन्‌तास उभं राहणं संपलं. मग सहायक कागदाचे ताव अपारदर्शक जलरंगांनी रंगवून देत, मातिस त्यांतून कात्रीने थेट आकार कापत आणि सहायक ते भिंतीवर टाचण्या लावून, सांगतील तसे हलवत. १९५३मधलं ‘गोगलगाय’ नावाचं चित्र असंच झालेलं आहे; ते आता लंडनच्या टेटमध्ये आहे. उंची-रुंदी दोन्हीकडून साडेनऊ फुटांच्या आसपास. मातिस तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे होते.

वर्गात याच्या दोन पायऱ्या करा. पहिल्या तासिकेत फक्त कागद रंगवायचे. दुकानातले घोटीव कागद आणू नका. त्यांचे रंग ठरावीक आणि चकचकीत असतात. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, पाठकोरे कागद चालतात. पोस्टर कलर किंचित घट्ट ठेवायचा आणि रुंद ब्रशने एकाच दिशेने ओढायचा. ब्रशचे फराटे दिसले तर दिसू द्या, मातिसच्या कागदांवरही ते दिसतात. प्रत्येक गटाला एकेक रंग वाटून द्या आणि त्याच्या पाच छटा करायला सांगा. पंचावन्न मुलांचे कागद वाळत घालायला जागा लागते. व्हरांड्यात सुतळी बांधून चिमटे लावले की काम होतं.

दुसऱ्या तासिकेचे नियम कडक ठेवा. पेन्सिल नाही. आधी आखून कापणं नाही. कात्री स्थिर, कागद फिरवायचा. वळण आपोआप सफाईदार येतं. गटात पाच जण: एकाने खुर्चीत बसायचं, तो फक्त कापेल आणि बोलेल. उरलेले चौघे त्याचे हात. ‘जरा वर, डावीकडे, नाही, तो निळा काढ’ असं सांगत चित्र फळ्यावर उभं राहील. त्या तासात डिंकाची बाटली कपाटातच राहू द्या, फक्त टाचण्या. चित्र आठवडाभर तसंच ठेवायचं, येता-जाता बघायचं, पुढच्या तासाला हलवायचं असेल ते हलवून मगच चिकटवायचं. सगळ्यात जास्त शिकणं या आठवड्यात होतं. घाईने चिकटवलेलं चित्र आणि आठवडाभर हलवलेलं चित्र यांतला फरक मुलांना स्वतःच दिसतो.

कापून उरलेले कागद फेकू देऊ नका. एका मुलीने कढीपत्त्याची डहाळी कापली, बरी होती. तिच्या हातात उरलेल्या पिवळ्या कागदात त्याच डहाळीची पोकळी होती, कडा थोडी फाटलेली. तिने ती निळ्यावर ठेवून पाहिली आणि मूळची डहाळी बाजूला सारली. रिकाम्या जागेलाही आकार असतो, हे मी फळ्यावर कितीही समजावलं असतं तरी तिला इतकं पटलं नसतं.

ज्या मुलांना हाताचा किंवा चालण्याचा त्रास आहे, त्यांच्यासाठी ही कृती फार चांगली आहे. खुर्चीतली जागा त्यांना मुद्दाम देऊ नका. पाळीपाळीने सगळेच बसतील. खुर्चीत बसून चित्र घडवता येतं, ते वर्गाला दिसणं पुरेसं आहे.

वासुदेव गायतोंडे हे दुसरं टोक: चित्रात ओळखू येणारी वस्तूच नाही. पुष्कळ शिक्षक त्यांना हातच लावत नाहीत, कारण ‘हे काय आहे?’ या प्रश्नाला उत्तर नाही असं वाटतं. मला तर गायतोंडे मराठी मुलांपर्यंत पोचलेच पाहिजेत असं वाटतं. गोव्याच्या कुटुंबात, नागपूरला १९२४मध्ये जन्म, गिरगावातल्या चाळीत वाढलेले, १९४८मध्ये जे.जे.ची पदविका. प्रोग्रेसिव्ह गटाशी ते नंतर जोडले गेले. तो गट सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे यांनी १९४७मध्ये मुंबईत सुरू केला होता. २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात गायतोंड्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. चाळीत वाढलेल्या माणसाची चित्रं तिथपर्यंत गेली, हे मुलांना जरूर सांगा. वर्षाकाठी ते मोजकीच चित्रं करत आणि बहुतेकांना नाव देत नसत.

त्यांच्या कामाची पद्धत वर्गात आणता येते. रोलरने आणि पॅलेट नाइफने (रंग पसरवायच्या बोथट सुरीने) रंगाचा थर द्यायचा, त्यावर दुसरा, मधेच खरवडायचा, कागदाच्या तुकड्यांनी ठसा घ्यायचा किंवा रंग उचलायचा. वस्तू काढायचीच नाही असं ठरवल्यावर चित्र पुरं झालं हे ओळखायचं कसं? हीच त्यांची अडचण, आणि आठवीच्या मुलाला ती चांगली कळते.

यात साहित्याची एक मेख आहे. साधा पोस्टर कलर वाळला तरी पाण्याने परत सुटतो, म्हणून दुसरा थर देताना खालचा उखडून चिखल होतो. पहिल्या थरात थोडा फेविकॉल मिसळा, म्हणजे तो धरून राहतो. त्याहून बरा उपाय म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला भिंतीला लावायचा पांढरा इमल्शन आणि त्यात रंग आणायला स्टेनरच्या छोट्या बाटल्या. एका डब्यात अख्ख्या वर्गाचं भागतं, वाळल्यावर पाण्याने हलत नाही आणि थरावर थर चढतो. ब्रश मात्र लगेच धुवायला लावा, वाळले की गेले. रोलर नसेल तर स्पंजचा तुकडा चालतो. खरवडायला जाड पुठ्ठ्याची पट्टी किंवा जुनं प्लास्टिकचं कार्ड.

पहिल्या तासाला एकच फिका थर, कागदभर. पुढच्या तासाला फाडलेले वर्तमानपत्राचे तुकडे त्यावर ठेवायचे, वरून दुसरा रंग फिरवायचा आणि रंग ओला असतानाच तुकडे उचलायचे. तुकड्यांखालचा जुना थर जसाच्या तसा राहतो, कडेला रंगाची बारीक रेघ साठते. मुलांना इथेच खरी गंमत येते आणि इथेच ती थांबत नाहीत. म्हणून नियम घाला: एकूण तीन रंग, चार थर, आणि प्रत्येक थरानंतर दोन मिनिटं हात मागे बांधून नुसतं बघायचं. पहिल्यांदा वर्गात खुसखुस होईल. होऊ द्या. तिसऱ्या थराला वर्ग आपोआप शांत होतो. शेवटी चित्राला नाव द्यायचं नाही. शेजारच्या मुलाने त्या चित्रासमोर उभं राहून काय दिसतं ते न सांगता काय वाटतं ते एका वाक्यात सांगायचं. ‘दुपारी शाळा सुटल्यावरचं मैदान’ असं एकदा कोणीतरी म्हणालं होतं. पिवळट करड्या रंगाचा कागद होता, मधे दोन पुसट आडवे पट्टे.

व्हॅन गॉग सगळ्यांनाच हवा असतो. त्याचं १८८९चं तारांकित रात्रीचं चित्र तेलखडूंनी काढून घेण्याची प्रथाच पडली आहे आणि त्यासोबत कान कापल्याची गोष्ट. दोन्ही सोडा. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलांच्या डोक्यात ‘चित्रकार म्हणजे वेडा’ एवढंच राहतं आणि तो किती शिस्तीने काम करत असे ते झाकलं जातं. १८८८मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला असताना त्याने तिथल्या बोरूंनी अप्रतिम रेखाटनं केली. स्वतःच्याच रंगीत चित्रांची बोरूने रेखाटनं करून भावाला आणि मित्रांना पाठवली. रंगीत शेत, आकाश, समुद्र हे नुसत्या शाईने कसं सांगायचं, ही त्याची अडचण. आणि बोरू तर आपल्या घरचा. सुलेखनासाठी दुकानात मिळतो, नाही तर वेळूचा तुकडा धारदार चाकूने तासून शिक्षकांनीच तयार करून ठेवावा, मुलांच्या हाती चाकू नको. उसाचं शेत, कौलारू छप्पर, पावसाळी आकाश यांतलं काहीही द्या. नियम तीन: बाह्यरेषा काढायची नाही, बोटाने घासून छटा आणायची नाही, एका वस्तूसाठी वापरलेली खूण दुसऱ्या वस्तूसाठी वापरायची नाही. उसाला उभे फटकारे लावले की कौलांना दुसरं काहीतरी शोधावंच लागतं. एका कागदावर ठिपके, तुटक रेघा, आकड्या, फराटे यांची चांगली जंत्री तयार होते. त्यानंतर आर्लची रेखाटनं दाखवा. मुलं त्यांत आपली खूण शोधत बसतात.

हुसेन पंढरपूरला जन्मलेले, मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरलेले. त्यांच्या चित्रांतल्या घोड्यांची नक्कल करण्यापेक्षा होर्डिंगच करा. वहीच्या पानाएवढं चित्र चौकटी आखून वीस भागांत वाटायचं, प्रत्येकाने आपली एक चौकट पूर्ण ताव भरून मोठी करायची, शेवटी मैदानात सगळे ताव जोडायचे. आपण काय रंगवतोय ते शेवटपर्यंत कळत नाही, आणि लांब उभं राहून बघितल्याशिवाय होर्डिंग समजत नाही, हे दोन्ही अनुभव हुसेनच्या तरुणपणीचे आहेत. गावात अजून हाताने पाट्या रंगवणारे पेंटर असतील तर त्यांना एका तासाला बोलवा. फ्लेक्स आल्यापासून त्यांचं काम गेलं आहे, पण लांब ब्रशने एका दमात वळण कसं काढायचं हे त्यांच्याइतकं कोणी दाखवणार नाही.

हुसेनची आणखी एक गोष्ट माझ्या आवडीची आहे. आई फार लहानपणी गेली, तिचा चेहरा त्यांना आठवत नसे. त्यांच्या मदर तेरेसांच्या चित्रांत निळ्या काठाची पांढरी साडी असते, चेहरा कोराच असतो. यावरून कृती: चेहरा न काढता ओळखीचा माणूस काढायचा, वर्गाने ओळखला पाहिजे. आजी, एसटीचा कंडक्टर, शाळेचे शिपाईकाका यांची बसण्याची ढब, खांद्यावरची पिशवी, पदर घेण्याची तऱ्हा मुलं इतकी बारकाईने काढतात की थक्क व्हायला होतं. ‘आई’ हा विषय मात्र सक्तीने देऊ नका. वर्गात एखादं मूल आईशिवाय असू शकतं, आणि ते आपल्याला माहीत असेलच असं नाही.

साहित्य अगदीच नसेल तर जामिनी रॉय. कोलकात्यात पाश्चात्त्य पद्धतीचं शिक्षण घेऊन व्यक्तिचित्रं करणारा हा चित्रकार १९२०च्या दशकात बंगालच्या पटचित्रांकडे वळला आणि रंगही जवळपास मिळणाऱ्या वस्तूंपासून करू लागला. गेरू, पिवळी माती, काजळी, खडूची भुकटी, नीळ एवढं आपल्याकडे गावोगाव मिळतं. रंग धरून राहावा म्हणून चिंचोक्यांची खळ: चिंचोके भाजून टरफल काढायचं, रात्रभर भिजवायचे, वाटून पाण्यात शिजवायचे. रॉयही चिंचोक्याची खळ वापरत. घोंगडी विणणारी माणसं ज्या मुलांच्या घरात आहेत त्यांना ही खळ ठाऊक असते, त्यांनाच वर्गात शिकवू द्या. रंग तयार करण्यातच दोन तासिका जातात, त्या वाया गेल्या असं समजू नका.

छापील चित्रांबद्दल एक सांगायला हवं. झेरॉक्स काढलेलं काळंपांढरं चित्र दाखवू नका, त्यापेक्षा गटाला एक बरी रंगीत प्रत द्या. आणि आकार जरूर दाखवा. पुस्तकात ‘गोगलगाय’ आणि पिकासोचं १९३७चं ‘गेर्निका’ सारख्याच मापाची दिसतात. मैदानात फक्कीने गेर्निकाचा आयत आखा: साडेअकरा फूट उंच, साडेपंचवीस फूट लांब. अख्खा वर्ग त्यात उभा राहतो. त्यानंतर बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या स्पेनमधल्या गेर्निका गावाबद्दल बोललात तर मुलं ऐकतात. कोट्यवधींच्या लिलावांच्या बातम्यांनी सुरुवात मात्र करू नका. पुढे प्रत्येक चित्रासमोर ‘केवढ्याला?’ एवढंच विचारलं जातं.

गुण कसे द्यायचे? पूर्ण झालेल्या चित्राबरोबर मधल्या पायऱ्यांचे कागद ठेवून घ्या आणि मागे मुलाने दोन वाक्यं लिहायची: कुठे अडलं आणि मग काय केलं. गुण त्यावर द्या. मूळ चित्राशी साम्य किती, याला गुण नकोत. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीचं काय, असं पालक आणि मुख्याध्यापक विचारतील. संकल्पचित्राच्या पेपरात आकारांची मांडणी आणि रिकाम्या जागेचा तोल बघतात, स्मरणचित्रात माणसांची ढब बघतात. मातिसची कात्री आणि हुसेनची बिनचेहऱ्याची माणसं यांचा तिथे थेट उपयोग होतो. तसं सांगा आणि कागद दाखवा.

मुंबईच्या आसपास असाल तर काळा घोड्याला जहांगीर कलादालन आणि समोर कावसजी जहांगीर हॉलमधलं आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय एका दिवसात होतं. तिथे काय मांडलं आहे ते आधी फोन करून विचारा. एका मुलाने एकाच चित्रासमोर दहा मिनिटं थांबायचं. सगळी दालनं पालथी घालायची गरज नाही.

क्रम ठरवताना हवा बघा. जून-जुलैत रंग वाळत नाही, म्हणून थरांचं काम तेव्हा नको. पावसाळ्यात बोरू आणि शाई, त्यानंतर बिनचेहऱ्याची माणसं. गणपतीच्या सुट्टीनंतर मातिस, दिवाळीनंतर कोरड्या हवेत गायतोंडे आणि होर्डिंग, शेवटच्या सत्रात रझा. उत्तरपत्रिकांचे पाठकोरे कागद जमवायला मात्र आत्ताच सांगून ठेवा; पंचावन्न मुलांच्या मातिसला दोन मोठी खोकी भरून लागतात.